डावीकडची चाकं

३ मार्च, सोमवार

राजेश्वरी म्हणाली, "आई, तारीख घालून लिहून ठेव, नाहीतर दुकानदार तुला गुंडाळतो." लेक पुण्याला बसून अक्कल शिकवते, पण हे बरोबर बोलली. म्हणून लिहिते. डायरी बटाट्याच्या व्यापाऱ्यानं आमच्या मालकांना, म्हणजे राजेश्वरीच्या बापाला दिलेली, तीन वर्षं टीव्हीखाली पडून होती. जुन्या तारखा खोडून नव्या घालते. माझं शिक्षण चौथी. अक्षर घाण आहे, पण वाचायचं मलाच आहे.

तर आज सकाळी आठ वाजता चपात्यांचे डबे गाडीत भरले, गाडी काढली, तर गाडी लंगडायला लागली. उतरून बघते तर पुढचं डावं चाक. टायर खाली बसलेलं. आणि आतलं अलॉयचं चाक, त्याची कड बशीचा टवका उडतो तशी उडालेली. काल मी गाडी लावली तेव्हा चाक धडधाकट होतं. उभ्या गाडीचं चाक फुटतं कसं? चाक आहे का मडकं?

वॉचमनला विचारलं. म्हणाला, "मला काय माहीत, ताई," आणि हसला. हसण्यासारखं काय होतं त्यात?

एक गोष्ट चांगली झाली. मी हाक मारायच्या आत आमचे मालक जॅक घेऊन खाली आले आणि गुपचूप स्टेपनी लावून दिली. पस्तीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती उचललेला माणूस, त्याला जॅकची तरी काय गरज. पण एरवी माझ्या गाडीकडं ढुंकून बघत नाहीत. जॅक कुठं ठेवलेला असतो हे त्यांना कसं माहीत, देव जाणे.

कँटीनला चपात्या वीस मिनिटं उशिरा. बोलणी खाल्ली.

५ मार्च, बुधवार

तुर्भ्याच्या सर्व्हिस रोडवर केतनचं टायरचं दुकान आहे, तिथं गेले. फुटलेलं चाक त्याच्यापुढं ठेवलं. म्हटलं, असंच दुसरं दे.

"मावशी, हे डिझाइन बंद झालं. सिंगल मिळणार नाही. चारचा सेट घ्यावा लागेल."

"एक बांगडी फुटली म्हणून कुणी हातभर नव्या भरतं का?"

"तीन एक डिझाइन, एक दुसरं, कसं दिसेल मावशी?"

"माझ्या गाडीत चपात्या असतात. नवरी नसते."

त्यानं फुटकं चाक परत माझ्या डिकीत ठेवलं. मी पण घरी आले. तीन चकचकीत आणि एक काळी स्टेपनी. चालते की गाडी.

८ मार्च, शनिवार

थोरल्या जाऊबाईंचा गावाहून फोन. भैरोबाची जत्रा यंदा वीस एप्रिलला. म्हणाल्या, "एसटीनं येताय का कुणाच्या गाडीत?"

मी म्हटलं, "कुणाच्या कशाला? माझी गाडी हाय. मीच घेऊन येणार."

मग म्हणाल्या, "मधी घाट हाय गं."

"घाट माझं काय करतोय?"

खरं सांगायचं तर हे बोलायचं माझ्या मनात नव्हतं. तोंडातून निघून गेलं. पण आता गेलं ते गेलं. सहा वर्षं झाली लायसन काढून. सानपाडा, तुर्भे, शिरवणे, नेरूळ, सगळीकडं गाडी घालते, आणि गावाला जायचं म्हटलं की एसटी. आमच्या भावकीत अजून एकाही बाईनं स्वतः चालवत गाव गाठलेलं नाही. यंदा मी गाठणार. मी चालवणार, मालक शेजारी बसणार, आणि दोघांनी भैरोबाच्या देवळापुढं उतरायचं.

जेवताना मालकांना सांगितलं. त्यांनी घास परत ताटात ठेवला.

"तू जा गाडीनं. मी एसटीनं येतो."

"का?"

"मला गाडीत मळमळतं."

"खोटं बोलू नका. लसणाच्या ट्रकवर बसून इंदूरला जाऊन आलेला माणूस तुमी."

"तवा वर कोण बघत न्हवतं."

आता हे काय उत्तर झालं? मळमळण्याचा आणि बघण्याचा काय संबंध? भांडी घासता घासता विचार केला आणि उलगडा झाला. लोक बघतात म्हणजे काय बघतात? चाकं! तीन रुपेरी, एक काळं. पंगतीत एका पानावर वाढायला विसरल्यासारखं दिसतं. गावात सगळ्या भावकीपुढं अशा गाडीतून उतरायची माणसाला लाज वाटते. बरोबर आहे. मला वाटली नाही हे माझं चुकलं.

आता अशी चाकं घेते की हा माणूस आपण होऊन दार उघडून पुढं बसेल. एसटीचं नाव काढणार नाही.

१२ मार्च, बुधवार

मालकांचं काहीतरी बिनसलंय. जेवताना ताट दोन्ही हातांनी धरतात, हळूच डावीकडं फिरवतात, मग उजवीकडं. आमटी सांडली. विचारलं तर म्हणे भाजी जवळ घेत होतो. भाजी जवळच होती.

डावा पाय दुखतो म्हणतात. डावाच. टीव्हीपुढं बसल्या बसल्या तो पाय दाबतात आणि हळूच सोडतात, दाबतात आणि हळूच सोडतात. पोटरीला तेल चोळलं. फरक नाही. शेवटी ओढून डॉक्टरकडं नेलं. साखर नाही, काही नाही. डॉक्टरांनी विचारलं, "रोजच्यापेक्षा वेगळा काही व्यायाम करता का?"

"सकाळी फिराय जातो," मालक म्हणाले.

घरी येताना मी म्हटलं, "फिरायला दोन्ही पाय लागतात. एकच कसा दुखेल?"

"वळण डावीकडचं हाय," म्हणाले.

म्हातारपण आलं, दुसरं काय.

१६ मार्च, रविवार

आज चाकं निवडली. मालकांना मुद्दाम बरोबर नेलं. त्यांच्या पसंतीनं घेतली की बसतील.

केतनच्या दुकानात भिंतभर चाकं टांगलेली. एक जिलबीसारखं, वेटोळ्यात वेटोळं. एक सगळ्या जाळ्याजाळ्यांचं, पुऱ्या तळायच्या झाऱ्यासारखं. एक काळं, त्याला कडेनं लाल रेघ.

"मावशी, हा स्पोर्टी आहे. पोरं हाच घेतात."

"मी पोर दिसते का तुला?"

मी आपली पद्धत काढली. पिशवीतून फडकं काढलं आणि एकेक चाक पुसायला लागले. ज्या फटीत माझं बोट जात नाही त्या फटीतला चिखल कोण काढणार, केतन? जिलबी बाद. झारा बाद. लाल रेघवालं बाद, कारण ती रेघ फडक्याला लागली. मग उरलेली बोटानं वाजवून बघितली. केतन म्हणाला, "मावशी, अलॉय असं वाजवून कळत नाही." मी म्हटलं, "माणूससुद्धा वाजवून कळतो, चाकाचं काय घेऊन बसलास."

मग तो म्हणाला, एक इंच मोठी घ्या, गाडी उठून दिसते. म्हटलं, लावून दाखव. लावली. वळवून बघितली तर आत घासायला लागली. मी सांगितलं, "मी माझ्या मापाची चप्पल घालते, नवऱ्याची नाही. काढ."

शेवटी पाच पाकळ्यांचं रुपेरी ठरवलं. पाकळ्या रुंद, एका फडक्यात पुसून होतात. सुंदर आहे. खोटं कशाला लिहू, मला फार आवडलं. जत्रेच्या उन्हात असलं चकाकेल की भैरोबा डोळ्यावर हात धरेल.

मालक इतका वेळ कोपऱ्यात. एकदम पुढं येऊन केतनला विचारतात, "ह्ये फूटपाथला घासलं तर?"

"अलॉय आहे काका. डाग पडणार."

"आनि दोनदा घासलं तर?"

"दोन डाग."

"आनि लोखंडी घेतलं तर?"

"लोखंडी काय काका, वाकलं तर ठोकून सरळ. वर प्लास्टिकची टोपी येते, तिला ओरखडा आला तर टोपी बदलायची. संपलं."

मालकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. मला म्हणाले, "मग लोखंडीच घे की!"

माझं डोकं सटकलं. चार गिऱ्हाइकांपुढं म्हटलं, "माझी गाडी काय कांद्याचा टेम्पो हाय?"

खाली मान घालून परत कोपऱ्यात गेले. नाव हौसेराव आणि हौस म्हणून नाही. मी ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप करते त्यांना लोखंड पाहिजे. सेट मागवायला सांगितला. पाडव्याला बसवणार.

३० मार्च, रविवार, पाडवा

घरी गुढी उभारली, मग दुकानात गेलो. चाकं बसली. चारही सारखी. मी गाडीभोवती तीन वेळा फिरले. हळदकुंकू वाहिलं, लिंबं ठेवली, झेंडूचा हार घातला.

नारळाच्या वेळी मालक म्हणाले, "दगडावर फोडतो."

मी म्हटलं, "पूजा चाकाची हाय तर नारळ चाकावर. दगडाला काय गावाला जायचंय?"

"अगं, नवं चाक हाय."

"देवाचं काम हाय. फोडा."

फोडला. त्यांच्या हाताचा नारळ तो. एका दणक्यात चार तुकडे, पाणी माझ्या नव्या साडीवर, आणि पुढच्या उजव्या चाकाच्या पाकळीला अंगठ्याएवढा खळगा. केतन "आई गं" म्हणून खालीच बसला. हा डाग मी धरत नाही. हा देवाचा आहे.

घरी येताना मालक शेजारी बसले होते. चाकांबद्दल एक शब्द नाही. माझे हात मात्र बघत होते, स्टेअरिंगवरचे. नव्या बांगड्या घातल्या होत्या, त्या बघत असतील.

२ एप्रिल, बुधवार

तीन दिवस. तीन दिवस नाही टिकलं.

पुढचं डावं चाक, कडेला वीतभर ओरखडा. किसणीवर घातल्यासारखा. नारळाचा डाग उजवीकडं आहे, हा डावीकडं, म्हणजे हा देवाचा नाही.

सोसायटीच्या सेक्रेटरीला खाली बोलावलं. म्हटलं, तुमच्या आवारात उभ्या गाडीला कोण ओरबाडतं? तो म्हणाला, कॅमेरा बंद आहे. वॉचमन परत हसला. त्याला सांगितलं, अजून एकदा हसलास तर चपाती बंद. रोज सकाळी माझ्याकडून दोन चपात्या नेतो.

मी पहाटे साडेचारला शेजारच्या बिल्डिंगमधल्या गाळ्यात जाते ती साडेसातपर्यंत लाटण्यातून मान वर काढत नाही. गाडी तेवढा वेळ एकटी. जे काय होतं ते तेव्हाच होतं.

माझ्याकडं संघमित्रा चपात्या लाटते. तिला सांगत होते तर ती म्हणाली, "मावशी, एक सांगू? रागवू नका."

"सांग पटकन."

"काका सकाळी मैदानाच्या बाजूला दिसतात. एक मुलगी असते त्यांच्याबरोबर. तरुण आहे. पँट-शर्ट घालते."

"मैदानावर शंभर माणसं फिरतात. त्यात पोरी पण असतात."

"फिरत नव्हते मावशी. बसले होते."

"मग दमले असतील."

"तसं नाही, कुठे बसले होते ते तर ऐका..."

"तवा तापलाय, चपाती टाक."

लोकांना दुसऱ्याच्या नवऱ्याचं फार. ह्या माणसाला मोबाइलवर फोटो उघडता येत नाही, हा काय पोरी फिरवणार.

५ एप्रिल, शनिवार

केतनकडं जाऊन भांडले. म्हटलं, मऊ माल दिलास. तीन दिवसांत असं होतं का?

त्यानं खाली बसून चाक बघितलं. हात फिरवला. मग म्हणतो, "मावशी, हे मालाचं नाही. फूटपाथला घासलंय. आणि फक्त डावी बाजू. कोणीतरी नवीन माणूस चालवतंय. नवीन माणसाला डावीकडचा अंदाज नसतो."

"मला नवीन म्हणतोस? सहा वर्षांत मी कुत्र्याच्या शेपटीला गाडी लावली नाही! तुझं दुकान नव्हतं तेव्हापासून मी ह्या रोडनं जाते!"

"तसं नाही मावशी, मी म्हणतोय की..."

एवढं बोलून त्यानं माझ्यामागं बघितलं. मागं मालक उभे होते, हवा भरायच्या मशीनकडं बघत. केतन त्यांच्याकडं बघतो, मशीनकडं बघतो, परत त्यांच्याकडं बघतो. मग एकदम आवाज खाली करून म्हणाला, "असेल मावशी. माल मऊ असेल."

शेवटी कबूल केलं. ओरखडा घासून फुकटात साफ करून दिला. जाताना मालकांच्या खांद्यावर हात ठेवून "काका, सावकाश" म्हणाला. आज ना उद्या सगळे वठणीवर येतात, फक्त आवाज पाहिजे.

९ एप्रिल, बुधवार

आता मागचं डावं. आणि ह्या वेळी चाकाला पिवळा रंग लागलाय. आमच्या सेक्टरच्या फूटपाथच्या कडेला असतो तोच पिवळा. फूटपाथ चालत चालत माझ्या गाडीपर्यंत आला का?

ते बघत होते तेवढ्यात मालक आले आणि खिशातून कागद काढून दाखवला. एसटीचं रिझर्वेशन. एकोणीस तारखेचं. एक सीट.

मी कागद दोनदा वाचला आणि परत त्यांच्या हातात दिला.

चार दुकानं हिंडून नाही, पण चार वेळा त्या दुकानात जाऊन, पुसून, वाजवून, मापून चाकं घेतली. चकाकणारी घेतली. तरी एक सीट. म्हणजे चाकाचं काही नव्हतंच का? मग कशाची लाज वाटते? माझी? मी जाड झाले हे खरं आहे. गाडी चालवताना शिव्या देते हेही खरं आहे. पण त्या दुसऱ्यांना.

उद्या कणीक संघमित्राच्या हवाली करून गाडीवर पाळत ठेवणार. निदान चाकाचा तरी छडा लागू दे.

१० एप्रिल, गुरुवार

आज काय लिहू आणि किती लिहू.

पहाटे साडेपाचला इस्त्रीवाल्याच्या टपरीमागं जाऊन उभी राहिले. डोक्यावर पदर, हातात लाटणं. लाटणं चुकून आलं होतं, ठेवायला परत गेले नाही.

पाच मिनिटांत आमचे मालक आले. अंगात लग्नाचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. मागून एक पोरगी आली, पँट-शर्ट, पाठीला पिशवी. वॉचमननं दोघांना सलाम केला. पोरीनं पिशवीतून लाल अक्षराची पाटी काढून माझ्या गाडीच्या मागं चिकटवली. आणि मालक गाडीत बसले. कुठं? माझ्या जागेवर!

गाडी सुरू झाली. बंद पडली. सुरू झाली. बेडकासारखी दोन उड्या मारल्या आणि गेटच्या बाहेर पडली. मी मागं धावले. धावायची गरजच पडली नाही, चालत गाठली. मालकांनी स्टेअरिंग असं धरलं होतं जसं काय शंभर किलोचं पोतं डोक्यावरून घसरतंय. मी डाव्या काचेवर लाटणं ठोकलं.

मालकांनी मला बघितलं, गाडी डावीकडं ओढली गेली आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या पायापासून हातभर अंतरावर, पुढचं डावं चाक फूटपाथला घासत गेलं. खर्रर्र. तो आवाज अजून कानात आहे.

पोरगी काच खाली करून म्हणते, "काकू ना तुम्ही? मी वैष्णवी, ड्रायव्हिंग स्कूलची. काका क्लच मस्त सोडतात आता. फक्त लेफ्टचा अंदाज यायचाय."

मालक समोर बघत बसलेले. हात स्टेअरिंगवरून काढायला तयार नाहीत. म्हणाले, "वैष्णवी, हँडब्रेक वड."

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"शिकतोय."

"ते दिसतंय. कशाला?"

मग म्हणाले, "फाट्यापासनं देवळापतुर. दोन किलोमीटर. तेवढंच पायजे हुतं मला."

"काय पाहिजे होतं?"

"समद्या गावाम्होरं तुज्या बाजूला गठुड्यागत बसून यायचं? दादा काय म्हनंल? पस्तीस वरसं मुंबईत राहून ह्याला बायकू फिरवती म्हनंल. म्हनून म्हटलं, तेवढं दोन किलोमीटर शिकून घ्यावं. मग तुला म्हनलो असतो, मी बी गाडीनंच येतो. न्हाय जमलं तर एसटी."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर तूच शिकवाय बसली असतीस."

"मग? शिकवलं असतं की मी!"

"म्हनून तर न्हाय सांगितलं."

वैष्णवी खिडकीतून बाहेर बघायला लागली. खांदे हलत होते तिचे.

घरी आल्यावर कळलं ते वेगळंच. वॉचमनला माहीत. संघमित्राला माहीत. केतनला माहीत. इस्त्रीवाला म्हणाला, "काका आता रिव्हर्स पण घेतात." सगळ्या सानपाड्यात एक मीच काय ती चाकं पुसत बसले होते.

११ एप्रिल, शुक्रवार

बोलत नाही. मी पण नाही, ते पण नाही. चपात्या जाड झाल्या.

१२ एप्रिल, शनिवार

आज साडेपाचला गाळ्यातून बाहेर डोकावले. गाडी जागेवर होती. मालक तिच्याजवळ उभे होते, फडक्यानं डावं चाक पुसत. मी नेहमी पुसते तसं, पाकळीपाकळीनं. ओरखडे कुठले पुसून जातात? वैष्णवी आली, तिला हातानं "नको, जा" अशी खूण केली. पोरगी गेली.

चपाती करपली. पस्तीस वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडं काही मागितलं असेल तर चहा. आता मागायचं होतं ते दोन किलोमीटर, तेही मागितले नाहीत, चोरून शिकत होता. आणि मी समजत होते चाकाची लाज वाटते.

तरी रागच येतो. सहा वर्षं मी चालवते. गावात मी चालवत गेलेलं लोकांनी बघावं असं मलाही वाटतं की नाही? ते दोन किलोमीटरच तर बघायचे असतात लोकांना. बाकीचा घाट कोण बघतं?

१३ एप्रिल, रविवार

केतनकडं एकटी गेले. म्हटलं, "हा सेट काढ आणि लोखंडी लाव. वर टोप्या."

"मावशी! एवढी निवडून निवडून घेतलेली!"

"ज्याला अंदाज आहे त्याला विक."

"चारही काढू? उजवीकडची चांगली आहेत."

"उजवीकडच्याला नारळ लागलाय. काढ सगळी."

त्यानं चाकं परत घेताना तोंड वाकडं केलं, पण घेतली. मऊ माल म्हणून त्यानंच कबूल केलं होतं, त्याची आठवण दिली. टोप्यांचे चार नमुने दाखवायला लागला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मी न पुसता, न वाजवता म्हटलं, "कुठलीही लाव. उद्या तुटणारच आहेत."

घरी आले, मालकांना खाली बोलावलं. गाडीकडं बघतच राहिले.

"लोखंडी?"

"लोखंडी. घासा."

किल्ली त्यांच्या हातात दिली आणि वर निघून आले. जिन्यात माझा पदर डोळ्याला का लागला ते लिहीत नाही. धूळ फार आहे आमच्या जिन्यात.

१६ एप्रिल, बुधवार

दोन टोप्या गेल्या. डाव्याच. एसटीची सीट मालकांनी रद्द केली. मला नाही सांगितलं, संघमित्रानं सांगितलं. तिला सगळं आधी कळतं. आता तिचं बोलणं पूर्ण ऐकून घेते.

२१ एप्रिल, सोमवार, गावी

काल लिहायला झालं नाही. जत्रा, पाहुणे, मटण.

परवा पहाटे निघालो. सानपाड्यापासून मी चालवली. मालक शेजारी. वाशीचं कुणी ओळखीचं दिसेल म्हणून पनवेलपर्यंत मान खाली. त्यानंतर मान वर. खंबाटकीच्या घाटात पुढं ट्रकांची रांग, मी एकेक मागं टाकला. मालकांनी वरची कडी धरली होती ती घाट संपल्यावर पण सोडली नाही.

गावच्या फाट्यावर गाडी बाजूला घेतली. मी उतरले, ते उतरले, गाडीला वळसा घालून जागा बदलल्या. मी म्हटलं, "मी एक शब्द बोलणार नाही." आणि नाही बोलले. दोन किलोमीटरला किती वेळ लागला ते विचारू नये. मेंढरांचा कळप आमच्या पुढं निघून गेला. मागून सायकलवर एक म्हातारा आला, त्यानं मालकांची चौकशी केली, उत्तर पूर्ण ऐकलं आणि मग पुढं गेला. मी दातांखाली पदर धरून बसले होते.

देवळाच्या कमानीत गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा आत. सगळी भावकी पारावर. थोरल्या जाऊबाई ओवाळायचं ताट घेऊन पुढं आल्या आणि मालकांना बघून ओरडल्याच, "अगंबाई, भावजी! मुंबईपासनं तुमीच आणली व्हय गाडी? एवढा घाट! आनि सत्यभामा मला फोनवर म्हनत हुती, मी चालवणार म्हनून!"

सगळे हसले. थोरले दीर म्हणाले, "बायका बोलायच्याच."

मी तोंड उघडलं. मग बंद केलं. देवाच्या दारात, त्यांच्या भावापुढं, काय बोलायचं? ह्याच दोन किलोमीटरसाठी लोखंडी चाकं लावली होती. गिळलं.

तोवर मालक गाडीतून उतरले. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. आणि मार्केटात ट्रकवरून हाळी देतात त्या आवाजात, पाराच्या पलीकडच्या पाळणेवाल्यालासुद्धा ऐकू जाईल असं म्हणाले, "न्हाय वैनी. मी फाट्यापासनं. बाकी समदी हिनं. घाट बी हिनंच. सतरा ट्रक मागं टाकलं, मी मोजलं."

पारावरची सगळी तोंडं माझ्याकडं वळली.

थोरले दीर म्हणाले, "आनि मग तू काय करत हुतास?"

"मी बसलो हुतो," मालक म्हणाले.

जाऊबाईंनी ताट माझ्याकडं वळवलं. आधी मला ओवाळलं.

२२ एप्रिल, मंगळवार

परत आलो. जाऊबाईंनी तांदूळ, गूळ, शेंगा असं एवढं भरून दिलं की गाडी मागून बसली.

फाट्यावर मी गाडी थांबवली, चालवायची आहे का विचारलं. "न्हाय," म्हणाले. "माजं झालं." सीट मागं केली, चपला काढल्या आणि साताऱ्याच्या आधीच झोपले. तोंड उघडं, पोटावर हात, मान माझ्याकडं. पुणं गेलं, लोणावळा गेलं. टोलवर, सिग्नलवर, शेजारच्या गाड्यांतली माणसं वाकून बघत होती, बाई चालवते आणि बाप्या घोरतोय. बघा म्हटलं.

पनवेलच्या पुढं एक टेम्पोवाला मधोमध उभा. दोन मिनिटं, तीन मिनिटं. हलेना. माझा हात हॉर्नवर गेला आणि तसाच राहिला. सानपाड्यापर्यंत एकदाही हॉर्न वाजवला नाही. जागे झाले असते.